धुण्याचा दगड

ओढा म्हणजे काही दावणीची गाय नव्हे, दावं धरलं आणि हवी तिकडे वळवली. पण गवंड्यानं तो वळवला होता.

त्याचं असं झालं. गेल्या पुरात ओढ्यानं आपली वाट बदलली. घरामागच्या उताराला बिलगून वाहायचा, तो पलीकडच्या झुडपांत शिरला, आणि गवंड्याच्या बायकोचा धुण्याचा दगड कोरडा पडला. बायको पुराच्या आधीच गेली होती. तिच्यामागोमाग तिचं पाणीही गेलं. पहिलं जाणं गवंड्यानं मुकाट सोसलं, दुसरं मात्र त्याला सोसेना. त्यानं कुदळ उचलली, चर खणला, आडवा बांध घातला आणि हाताला धरून आणावं तसं पाणी दगडापाशी परत आणलं.

दगड काळा, रुंद, मधोमध बायकोच्या हातांनी झिजून खोलगट झालेला. ती तिथं वाकून धुणं धुवायची आणि गात असायची. गवंडी वर ओट्यावर चहा पीत ऐकायचा. शब्द पाण्याच्या खळखळाटात विरून जायचे, चाल तेवढी वर यायची. चालीवरून त्याला वाटायचं, सुखी आहे आपली बायको.

पण ओढ्यालाही सरकारी कायदा असतो. त्याचा तळ, काठ, वळण यांतलं काही बदलायचं तर आधी परवानगी लागते. हे गवंड्याला कळलं ते नोटीस आली तेव्हा. फक्त एक फट होती: आधीपासून चालू असलेला वापर टिकवण्यापुरता बदल नंतरही मान्य होऊ शकतो. गवंड्यानं त्या फटीत बोटं रोवली. ‘धुण्यासाठी रोजचा वापर’ असं त्यानं अर्जात लिहून दिलं, आणि लिहिलेलं खोटं ठरू नये म्हणून जन्मात रुमाल न धुतलेला हा माणूस रोज धुणं धुवायला लागला. स्वतःचे कपडे संपले की कपाटातले तिचे काढायचा. धुतलेलेच पुन्हा धुवायचा.

नोटीस धाडणाऱ्या खात्याची निरीक्षक पाहणीला आली, तेव्हा तो तिची करडी शाल दगडावर थापत होता.

“काका, शाल धुताय की गिलावा करताय?” गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली ती मुलगी पाण्यात उतरत म्हणाली.

“हात एकाच कामाला सरावलेत, बाई.”

ती बांधापाशी वाकली. दगडांवरून हात फिरवत राहिली. “पाणी दगड रचतं ना, ते कौलांसारखे एकमेकांवर कललेले असतात. हे बघा, सगळे कसे सपाट. वरचा सांधा खालच्या सांध्यावर कुठंच नाही. इतकं नेटकं काम पाण्याला जमत नाही.”

अशातही गवंड्याची छाती थोडी फुगली. मग निरीक्षक पलीकडच्या पात्रात गेली. तिथं डबकी उरली होती. आटत्या पाण्यात बोटाएवढे मासे एकमेकांना खेटून तोंड उघडत होते. गवंड्यानं मान फिरवली.

“वापर कोण करतं? काकू?” निरीक्षकेनं दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं.

“ती... तीच करते. रोज. आज जरा आत पडलीय.”

“भाऊजी!”

खालच्या अंगाला रोपवाटिका असलेली शेजारीण काठावर उभी होती. गवंड्याच्या बायकोची सोबतीण, याच दगडाच्या दुसऱ्या कडेला बसून धुणारी. रोपवाली म्हणत तिला सगळे. दोन्ही हात मातीनं भरलेले.

“ती गेली हो, बाई,” ती निरीक्षकेला म्हणाली. “पूर यायच्या आधीच गेली.”

निरीक्षकेनं गवंड्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया तिनं केली.

“तुम्हीच तक्रार केलीत ना, वहिनी?” गवंड्याचा आवाज चिरकला.

“केली! तुमचं वळवलेलं पाणी माझा काठ खातंय. रोपांचे दोन वाफे गिळले. बोलायला आले तर तुम्ही दार लावून बसलात. मग काय करू? ओढ्याशी भांडू?”

“तिची एवढी एकच जागा उरली होती, वहिनी. इथं ती गायची. तुम्ही ऐकलंय ना?”

“तुम्ही ऐकलंय का?”

“रोज ऐकायचो.”

“काय गायची, सांगा बरं.”

गवंड्यानं तोंड उघडलं. चाल ओठांवर होती, शब्द एकही नव्हता. रोपवालीनं हात पदराला पुसले आणि हलक्या आवाजात म्हटलं,

“गावभर बांधी भिंती, माझा गवंडी गुणाचा,
माझ्या दारी गं येईना, थेंब वाहत्या पाण्याचा.”

पाणी दगडावरून खळखळत होतं, तरी या वेळी शब्द नीट ऐकू आले.

“हसून म्हणायची हो,” रोपवाली म्हणाली. “पण उठताना कमरेला हात लावून उठायची. मागच्या दारी नळ आणि उभ्यानं धुता येईल असा एक कट्टा, एवढंच हवं होतं तिला. तुम्ही म्हणायचात, हे काम संपू दे.”

म्हणायचा खरा. एक काम संपलं की दुसरं लागायचं.

गवंडी खाली बसला. दगडाच्या खोलगट जागेवर हात ठेवून त्यानं विचारलं, “बाई, दगड तरी घरी नेऊ?”

“नाही नेता येणार, काका.” निरीक्षक त्याच्याशेजारी टेकली. “तळातला दगड म्हणजे ओढ्याचा तळच. तो ओढ्याचा.”

बांध त्यानं स्वतःच मोडला. मजूर घे म्हणाले लोक, त्यानं घेतला नाही. एकेक दगड उचलून निरीक्षकेनं दाखवलेल्या जागी कललेला ठेवत गेला, कौलासारखा. चर बुजवला. पलीकडच्या डबक्यांना पाणी पोचलं, मासे हलले, आणि धुण्याचा दगड हळूहळू वाळून फिका पडला. खोलगट जागेत थोडं पाणी साचून होतं, तेही उन्हानं नेलं.

मग त्यानं मागच्या दारी नळ ओढून घेतला आणि कट्ट्याला हात घातला. पण वीट हातात धरून तसाच उभा राहिला. इतक्या घरांच्या ओट्यांची उंची त्याला पाठ होती. बायकोची कंबर किती उंचीवर, ते त्याला सांगता येईना.

त्यानं रोपवालीला हाक मारली. ती आली. त्याच्या हातातली वीट पाहिली आणि भिंतीशी उभी राहिली.

“माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी होती,” म्हणाली. आणि स्वतःच्या कमरेच्या जरा खाली भिंतीवर हात टेकवला.

त्यानं तिथं खडूची रेघ मारली.

कट्टा वाळला त्या दिवशी त्यानं करडी शाल त्यावर ठेवून नळ सोडला. रोपवालीनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी तिला म्हणवेना. ती गवंड्यानं म्हटली, खाली मान घालून. नळ मोठा सुटला होता. शब्द पाण्यात विरून गेले, चाल तेवढी वर आली.