एक आणि चौऱ्याऐंशी

माझ्या धाकट्या भावाला वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू येतं. लहानपणी आई सांगायची, "दार लाव आणि मग खेळायला जा." हा खेळायला पसार, दार सताड उघडं. मोठेपणी त्याने कंपनी काढली, मलाही प्रोग्रामर म्हणून घेतलं, पण कान तेच राहिले.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे निकाल लावायचं काम आमच्याकडे आलं. गुणांची एक्सएमएल फाईल, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या आधी आणि शेवटी टॅग नावाची खूण असलेली, एवढी अवाढव्य होती की एकदम मेमरीत घेतली तर सर्व्हर मान टाकायचा. म्हणून भावाने स्ट्रीमिंग पार्सर लावला. तो फाईल घासाघासाने वाचतो आणि आपल्या प्रोग्रामला सांगत जातो: टॅग उघडला, हा मजकूर, टॅग मिटला. मागचं तो काही धरून ठेवत नाही. ठेवायचं ते आपण ठेवायचं. कोड एकदा मला बघू दे, असं मी म्हटलं होतं. "ताई, निकाल उद्या लावायचाय," म्हणाला आणि निघून गेला.

निकाल लागला. माझ्या लेकीला दोनशेपैकी चौऱ्याऐंशी गुण. नापास.

"पेपर चांगला गेला होता गं," ती सारखी म्हणत होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाऊ आमच्याकडेच जेवायला बसला होता, तो म्हणाला. लेक ताटावरून उठली. मला त्याच्या हातातला घास काढून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फाईल उघडली. तिचे गुण होते एकशे चौऱ्याऐंशी. पार्सरचा एक घास नेमका एकच्या आकड्यावर संपला होता आणि पुढचा चौऱ्याऐंशीपासून सुरू झाला होता. असं झालं की मजकूर दोन तुकड्यांत येतो. टॅग मिटेपर्यंत ते जोडत जायचे असतात. भावाच्या कोडने दुसरा तुकडा आल्यावर पहिला पुसून टाकला होता. ज्या पोरांच्या गुणांवर घास तुटला, त्यांचीच वाट लागली. अशी पोरं थोडी होती, म्हणून चाचणीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्याच्या केबिनचं दार लावून सगळं सांगितलं.

"तुझ्या लेकीचं दुरुस्त करून आजच पाठवतो," तो म्हणाला. "तिला जागा मिळेल."

"आणि बाकीची पोरं?"

"सगळ्यांचं काढलंस तर चौकशी लागेल, कंपनी बसेल. आपलं झालं ना, ताई?"

"त्यांनाही घरात कोणीतरी टाकून बोललं असेल, काल तू बोललास तसं."

"म्हणजे मी बोललो तेच चुकलं का?"

पुन्हा शेपूट. मी खुर्चीवर येऊन परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं, सगळ्या पोरांसाठी, आणि पाठवून दिलं. भाऊ काय द्यायला निघाला होता, ते लेकीला नंतर सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नाही.

चौकशी रेंगाळली. ती संपेपर्यंत कॉलेजच्या जागा भरून गेल्या. मंडळाने गुण सुधारले आणि कळवलं की प्रवेश पुढच्या वर्षी बघू. भावाच्या कंपनीच्या हातून निकालाचं काम गेलं, त्याने मला काढलं. सख्खा भाऊ, पक्का वैरी म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

नवी गुणपत्रिका आली, तेव्हा लेक कपड्यांना इस्त्री करत होती. तिने कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आई, तू केलंस ते बरोबरच होतं."

मी तिथेच उभी राहिले. वाक्य पुरं झालेलं नाही, हे मला कळत होतं. तिने एक बाही इस्त्री करून संपवली.

"पण मामाचं ऐकलं असतंस, तर मी आज कॉलेजात असते."

दोन्ही तुकडे खरे होते. मी पहिला पुसला नाही.