उलट्या पिना

आमच्या धाकट्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, दिवसभर दुरुस्तीच्या टेबलावर लोकांचे जळके बोर्ड निस्तरणारी कारागीर म्हणून म्हणते. तरीही भावजयीचा फोन आला आणि मी जेवण अर्धं टाकून, हत्यारांची पिशवी उचलून धावतच निघाले.

"वन्सं, मशीन बंद पडलंय," ती म्हणाली, "आणि अंडी आतून बोलायला लागलीत."

मशीन म्हणजे तिने थर्मोकोलच्या खोक्यात स्वतः जुळवलेलं अंडी उबवायचं यंत्र. मागच्या खोलीत ठाण मांडून बसलेलं. पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नव्हतं. या खेपेला आईने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "पिल्लं निघाली तर ठीक, नाहीतर खोली रिकामी कर. हे घर आहे, खुराडं नाही." आमची आई बोलते ते करते. तेव्हापासून भावजयीचा जीव त्या अंड्यांत अडकला होता.

मी पोचले तर अंडी आईच्या मांडीवर. शालीत गुंडाळलेली, खाली गरम पाण्याची पिशवी, आणि आईचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "हिने ठेवली, मी बसले. आता उठताही येत नाही."

टेबलाशी धाकटा घाम पुसत होता. मशीनचा जुना बोर्ड आतल्या दमटपणाने गेला, म्हणून त्याने नवा आणला होता, काडेपेटीत मावेल एवढा. त्याच्या दोन्ही कडांना भोकांची एकेक रांग असते. त्या भोकांत पिनांच्या पट्ट्या सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथिलाने, जोडल्या की बोर्ड मशीनमधल्या सॉकेटात बसतो. धाकट्याने पट्ट्या अगदी इमानेइतबारे सोल्डर केल्या होत्या, फक्त चुकीच्या बाजूने. ज्या पिना खाली यायच्या त्या छताकडे बघत उभ्या होत्या.

"बोर्डच उलटा करून बसवतो की," तो म्हणाला.

"बसव. डावीकडचं उजवीकडे जाईल, वीज भलत्याच पिनेत शिरेल आणि हाही बोर्ड जाईल. दुसरा आहे?"

"नाही. दुकान आज बंद आहे."

"मग लांब उभा राहा."

तेवढ्यात शालीतून चिवचिव ऐकू आली. इतकी बारीक की मी वाकून कान लावला. भावजयीने शालीत थर्मामीटर सरकवला, बाहेर काढला, बघितला. "उतरतंय," ती म्हणाली आणि पाणी तापवायला पळाली.

धाकट्याने पक्कड पुढे केली. "पट्टी गरम करून एकदम ओढू या ना, ताई."

"एका पिनेचा सोल्डर वितळेपर्यंत शेजारच्या पिनेचा पुन्हा थिजतो, शहाण्या. ओढलीस तर भोकाभोवतीची तांब्याची कडी उखडून हातात येईल. पट्टीचा मोह सोडायचा."

मी कटर घेतला आणि पिनांना एकत्र धरणारं काळं प्लास्टिक कटाकट तोडत गेले. प्रत्येक पिन सुटी झाली. मग आयर्नचं टोक एकीच्या मुळाशी लावलं, सोल्डर चकाकला आणि चिमट्यात पिन लोण्यातून यावी तशी वर आली. दुसरी आली, तिसरी आली. हे काम मला मनापासून आवडतं. पिन हाताला सैल लागते ना, तेव्हा इतकी वर्षं होऊनही मी हरखून जाते. त्या दुपारी तर माझे हात माझ्याही पुढे धावत होते.

"वन्सं, एक अंडं गप्प झालंय," भावजय म्हणाली.

मी वळून बघितलं, तेवढ्यात धाकट्याने मदतीचा हात मारलाच. टक् असा आवाज आला. त्याच्या चिमट्यात पिन होती आणि पिनेला चिकटून तांब्याची कडी. मी त्याला जे बोलले ते आईसमोर बोलायला नको होतं. मग बोटाने रांग मोजली. त्या जागी सॉकेटात वायरच नव्हती, ती पिन मशीनला लागतच नव्हती.

"नशीब काढलंस," मी म्हणाले. "आता हात खिशात घाल."

शेवटची अर्थिंगची पिन काही हलेना. ती बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेली, सगळी उष्णता पिऊन टाकत होती. जोर लावायला माझेही हात शिवशिवू लागले. पण मी दात आवळले आणि तिच्यावर आणखी ताजा सोल्डर घातला.

"अगं, काढायचाय ना तो?" आई लांबून म्हणाली.

"काट्याने काटा काढतेय."

नवा आणि जुना एकत्र वितळले आणि पिन अलगद बाहेर आली. वितळलेला सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने भोकं साफ केली. मशीनची वीज बंद करून पिशवीतल्या नव्या पट्ट्या आधी सॉकेटात खोचल्या, म्हणजे त्या तिरक्या व्हायला नकोत, वर बोर्ड ठेवला, चार कोपरे सोल्डर केले, सरळ आहे बघितलं आणि बाकीच्या पिना भराभर उरकल्या. प्रोग्रॅम धाकट्याने आधीच घातला होता, तेवढं मात्र धड केलं होतं.

"लाव बटण."

हिरवा दिवा लागला. बल्ब पेटला, पंखा भिरभिरला, आकडे चढू लागले. धाकट्याने मला मिठीच मारली, मीही मारू दिली. मला नाचावंसं वाटत होतं. जरा थांबून आकडा ठरल्या जागी येऊ दिला.

"आई, दे अंडी," मी हाक मारली.

आई हलली नाही. मान खाली घालून शालीत बघत होती. "थांबा," ती म्हणाली.

गप्प झालेल्या त्या अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. भावजय गुडघ्यांवर बसली. आईचं बोट पुढे सरसावलं तसं तिने ते धरलं. "सोडवायचं नाही, आई. त्याचं त्याला येऊ दे." आईने ऐकलं. कवच तडकत गेलं, पिल्लाने दम घेतला, पुन्हा ढुसण्या दिल्या आणि शेवटी भिजलेल्या चिंधीसारखं काहीतरी शालीत घरंगळलं. मग त्याने मान वर केली.

भावजयीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "बाकीची तरी मशीनमध्ये ठेवते," ती म्हणाली. "आणि आई, ते खोली रिकामी करायचं..."

"कसली खोली?" आई कुजबुजली. "हळू बोल गं, दचकेल ते."