महाराजांचा स्पर्श

१९५४ साली मुलुंडच्या मृणालिनीने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर चहा घेतला, म्हणून वडिलांनी तिला नोकरी सोडायला लावली. त्याच घरी एका गुरुवारी वडिलांचे गुरू असलेले महाराज आले. ती त्यांची पाद्यपूजा करत असताना त्यांचा हात तिच्या पाठीवरून कमरेपर्यंत उतरला. ती सगळ्यांदेखत ओरडली, "हात काढा!"

वडील म्हणाले, "माफी माग." तिने मागितली नाही.

स्वयंपाकघरात आई कुजबुजली, "त्यांच्या स्पर्शात पाप नसतं गं. मलाही आधी किळस आली होती."

मृणालिनीने विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, भाग्य समज."

महिन्याभरात मृणालिनीने घाटकोपरच्या शाळेत नोकरी धरली आणि एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. निघताना तिने आईलाही बरोबर चल म्हटलं. आईने नकारार्थी मान हलवली आणि दार लावून घेतलं.