राहीबाईच्या पोटातला फडका

मित्रांनो, मी एक जुना फडका आहे. लगेच नाक मुरडू नका! मी भांडी पुसणाऱ्यांतला नव्हे. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर रक्त टिपायला आणि आतडी बाजूला धरायला जाड, जाळीदार कापड वापरतात ना, तो मी. दवाखान्यात मला मॉप म्हणतात. माझ्या विणीत एक निळा धागा आहे. चुकून मी पोटात राहिलोच, तर एक्स-रेत त्याची रेघ दिसावी म्हणून तो घातलेला असतो. माणसं किती पुढचा विचार करतात, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मागावरून उतरलो, वाफेत निर्जंतुक झालो आणि महाडच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागलो. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरून राहीबाईला तिथं आणलं. वाडीला गाडीरस्ता नाही. अशा वेळी घरटी एक गडी निघतो, कुणाला बोलवावं लागत नाही. त्यांनी तिला डोलीत घालून खाली सडकेपर्यंत उतरवलं होतं. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी तो इतक्या हलक्या हातानं सोडवला, की काळं पडत चाललेलं आतडं माझ्यादेखत पुन्हा गुलाबी झालं. मी थक्क झालो. माणसाच्या बोटांत एवढी जादू असते!

पण बाहेर दुसरा रुग्ण खोळंबला होता. पोट शिवण्याआधी सगळे मॉप मोजायचे असतात. मोजता मोजता सिस्टर म्हणाल्या, “सर, एक कमी येतोय.”

“बादलीत पडला असेल, मागाहून बघा,” असं म्हणून डॉक्टर टाके घालू लागले. मी आतड्यांच्या मागे दडपलेला होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मित्रांनो, माणसाच्या आतलं जग मी पाहिलं आहे. तिथं अंधार असतो, पण ऊब असते. हृदयाचे ठोके खालपर्यंत ऐकू येतात. राहीबाई झोपली तरी तिची आतडी झोपत नसत. मी तर तिथं उपरा. तरी त्या शरीरानं माझ्याभोवती हळूहळू एक पातळ पडदा विणला, दारी आलेल्याला कोपऱ्यात बसायला जागा द्यावी तसा. त्या भलेपणानं मी शरमून गेलो, कारण दुखत होतं ते माझ्यामुळेच. राहीबाई पोट घट्ट बांधून भातलावणी करी, गवताचे भारे वाही. महाडला दाखवायला गेली की डॉक्टर म्हणत, “गॅस आहे, मावशी. तिखट कमी करा.” तिनं तिखट सोडलं. दुखण्यानं तिला सोडलं नाही.

शेवटी तिची मुलगी सारिका तिला पनवेलला घेऊन गेली. सारिका कंपनीत कामाला आहे आणि बिरवाडीला खोली घेऊन राहते. पनवेलच्या एक्स-रेत माझी रेघ स्पष्ट उमटली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुन्हा पोट उघडलं. मी आतड्याला चिकटलो होतो, त्यामुळे आतड्याचा एक तुकडा कापावा लागला. राहीबाईला यापुढे भारा उचलता येणार नव्हता. तिथल्या सर्जननी मला पिशवीत घालून सारिकाच्या हाती दिलं. “नुकसानभरपाई मागाल तेव्हा लागेल. जपून ठेवा.” सारिकानं वाडीवर मला आईच्या हाती देऊन तोच निरोप सांगितला आणि ती कामावर गेली.

आता राहीबाईचं जपणं ऐका! तिनं मला राखेनं चोळलं, पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात खळबळून काढलं, कडक उन्हात वाळवलं. तिच्या लेखी मी महाडच्या डॉक्टरांची वस्तू, आणि तिच्या वाडीत दुसऱ्याची वस्तू मळकी परत देत नाहीत, आणि रिकामीही देत नाहीत. म्हणून तिनं माझ्यात ओंजळभर नवे तांदूळ बांधले आणि जखम पुरती भरली नसतानाही डोंगर उतरून महाडची एसटी पकडली.

“डागदर, तुमचा फडका माज्या पोटात ऱ्हायला व्हता. परत आणलाय,” असं म्हणून तिनं मला टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “मावशी, हा आमचा नाही.”

“मंग मी काय भाकरीसंगं गिळला?”

“तुम्ही घरी जा.”

तिला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता. तो आला नाही, तेव्हा तिनं तांदूळ टेबलावर ओतले. “हे ऱ्हाऊ देत. मी रिकामी आली असा नको,” असं म्हणत तिनं मला उचललं. एसटीत ती रडली आणि डोळे पुसायला तिनं मलाच घेतलं. रक्त मी पुष्कळ टिपलं होतं. आसवं टिपायची माझी ती पहिलीच वेळ.

हे कळल्यावर सारिकानं डोक्याला हात लावला. “आये, पुरावाच धुतलास गो!”

तिची भीती खरी ठरली. तिनं अलिबागच्या ग्राहक आयोगात भरपाईसाठी तक्रार केली, तेव्हा महाडच्या डॉक्टरांच्या वकिलांनी मला चिमटीत धरून वर केलं. “पांढरा शुभ्र आहे. असले बाजारात ढिगानं मिळतात. आणि एक्स-रे काय, ऑपरेशनचा कागद काय, कुणाचाही आणता येतो.” उचलली जीभ लावली टाळ्याला! पण सारिकाचा चेहरा पडला.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “राहीबाई, हा धुतलात कशाला?”

“लोकांची वस्तू मळकी परत देत नाय आमच्यात.”

“परत? कुणाला?”

“डागदरांना. त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. वाटला, बघतील नि म्हणतील, मावशी, चुकला माजा. तेवढा बोलले असते तर मी हितं कशाला आली असती?”

अध्यक्षबाई डॉक्टरांकडे वळल्या. “या आल्या होत्या?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “आल्या होत्या. तांदूळ ठेवून गेल्या.”

“खोटा पुरावा रचणारं माणूस तो आधी तुमच्याच टेबलावर आणून ठेवील का?”

राहीबाईच्या त्या भोळेपणापुढे वकिलांची सगळी हुशारी थिटी पडली. मी तर बघतच राहिलो.

निष्काळजीपणा सिद्ध झाला, भरपाई द्यायचा निकाल लागला. बाहेर येताच वकील डॉक्टरांना म्हणाले, “चिंता नको, अपिलात जाऊ.”

डॉक्टरांनी पायरीवर बसलेल्या राहीबाईकडे पाहिलं. तिचा हात पोटावर होता.

“नको,” ते म्हणाले.

“काय म्हणाले गो?” राहीबाईनं विचारलं.

“अपील नको म्हणाले, आये. चूक मानली त्यांनी.”

राहीबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी सिस्टर. पोट शिवण्याआधी थांबा, मोजा, आणि एक कमी आला तर तो सापडेपर्यंत टाका घालू नका. तरीही चूक झालीच, तर दुखऱ्या पोटानं डोंगर उतरून कुणाला तुमच्या दारी येऊ देऊ नका. तुम्ही डोंगर चढा.