तीजेच्या सुट्टीचा अर्ज

सत्तावीस वर्षं इतिहास शिकवते आहे. गुडघे गेले, आवाज बसला, आणि आताशा वर्गात शिरताना आज कोणतं शतक आहे ते पुस्तक उघडून बघावं लागतं. यवतमाळहून सकाळची एस.टी. धरायची, आर्णीला उतरायचं, तिथून आश्रमशाळेपर्यंत कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जायचं. बारावीला शिकवायचं आणि वरून मुलींचं वसतिगृहही सांभाळायचं. का, तर म्हणे पुष्पा मॅडम अनुभवी आहेत. अनुभवी म्हणजे नाही म्हणता न येणारी बाई, हे मला फार उशिरा कळलं.

राखीच्या आधी मुली माझ्याकडे आल्या. एकदोन नाही, वसतिगृहातल्या सव्वीसच्या सव्वीस. स्टाफरूमच्या दारात रांग, आणि पुढे बारावीतली बबिता.

"मॅडम, तीजेची सुट्टी पाहिजे."

"मंग एकीनं यायचं ना. एवढी वरात कायले?"

"तांड्यात तसंच असते मॅडम. नायकाच्या घरी साऱ्या पोरी संगंच जातात. त्याईनं हो म्हनल्याशिवाय गहू पेरत नाई."

बंजाऱ्यांची तीज आणि तांड्याचा प्रमुख तो नायक, हे मी आर्णीत जाऊन-येऊन ऐकून होते. राखीला लग्न न झालेल्या मुली छोट्या टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. मुख्याध्यापकांनी मात्र तपासणी येणार म्हणून सगळ्या सुट्ट्या बंद केल्या होत्या.

"नायक कधी नाई म्हनते का?" मी सहज विचारलं.

"नाई म्हनत. पन इचारा लागते."

तिनं अर्ज दिला. खाली सव्वीस सह्या. मी म्हणाले, सरांना देते, जा आता. आणि पर्समध्ये, गुडघ्याच्या गोळ्यांच्या पाकिटामागे, तो ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सर चिडलेले होते, म्हटलं उद्या देऊ. मग ऑनलाइन माहिती भरायचं काम आलं. विसरले असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आधी टाळलं आणि टाळता टाळता विसरले.

त्याच आठवड्यात बारावीला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आलं. मी नेहमीचंच सांगत होते. इंग्लंडचा खजिना लढायांत रिकामा झाला, म्हणून समुद्रापलीकडच्या आपल्याच वसाहतींवर कर बसवले. कागदावर, वर्तमानपत्रावर, चहावर. तिथले लोक म्हणाले, तुमच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही, आम्हाला कोणी विचारलं? शेवटी बोस्टनच्या बंदरात चहाच्या तीनशे बेचाळीस पेट्या पाण्यात टाकल्या. त्यातून लढाई पेटली.

बबितानं हात वर केला. "आधी अर्ज नोता केला का त्याईनं?"

"केला ना. दहा वर्षं अर्जच करत होते बिचारे."

"मंग?"

"मग काय. शेवटचा तर राजानं हातातसुद्धा घेतला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. हुशार पोरगी आहे, लक्ष देऊन ऐकते, असं वाटून मला बरं वाटलं. पर्स टेबलावरच होती. काय म्हणावं स्वतःला.

राखी होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर वसतिगृहाच्या अंगणात चहाची दोन्ही पातेली उपडी, मोरीपर्यंत चहाचा ओघळ, आणि मुली ओळीनं मुकाट बसलेल्या. कोणी वर्गात जाईना. स्वयंपाकीण सुखीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मॅडम, हे तुमच्या पुस्तकातलं हाय म्हने."

दुपारी बबिताच्या बापाला, हिरासिंगला, बोलावलं. तो सोयाबीनची फवारणी सोडून आला होता, अंगाला औषधाचा वास येत होता. सरांच्या टेबलावर दोन कागद होते. एक, बबिताचं नाव कमी करण्याचा. दुसरा, माझ्या सहीसाठी: मुलींनी कोणताही अर्ज न करता गोंधळ घातला.

"आमी देलता अर्ज, सर," बबिता म्हणाली.

"माझ्याकडे आला नाही. खोटं बोलू नको."

हिरासिंग हळूच म्हणाला, "सर, बारावी हाय तिची. नाव कमी झालं तं मी घरच्याईले थांबवू शकनार नाई. पाहुने येऊनच राह्यले तिच्यासाठी."

सरांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. तीन वर्षं उरलीत माझी. सही केली असती तर पाचची एस.टी. मिळाली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. बबिता माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला वाटत होतं, अर्ज मी दिला आणि सरांनी वाचला नाही. माझ्यावर तिचा काडीचा संशय नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

मी पर्स उघडली. गोळ्यांमागचा कागद काढून टेबलावर ठेवला. "अर्ज होता सर. मीच दिला नाही तुम्हाला."

सरांनी खालच्या सव्वीस सह्या नजरेखालून घातल्या, मग बबिताचा कागद फाडला आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. हिरासिंगनं माझ्यापुढे हात जोडले. पोरगी वाचली म्हणून माझे आभार मानत होता तो. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

चार दिवसांची सुट्टी मिळाली मुलींना, पण तांड्यावर पेरणी होऊन गेली होती. दुसऱ्यांच्या टोपल्यांत वीतभर गहू वाढलेला बघून त्या परत आल्या. बबिताची ही शेवटची तीज असेल कदाचित. मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी ती स्टाफरूममध्ये आली. या वेळी एकटीच. टेबलावर तिनं दोन कागद ठेवले, सुट्टीचा अर्ज आणि त्याची नक्कल.

"हा सरांले द्या, मॅडम. अन् याच्यावर पोच द्या."

"बबिता, आता देईन ना मी. विश्वास नाही का?"

"हो मॅडम," ती नम्रपणे म्हणाली आणि नक्कल माझ्याकडे सरकवून तिथेच उभी राहिली.

मी सही केली. तिनं कागद उचलून पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राह्यली, मॅडम."