खाऱ्या हाताचा माणूस

दापोडीच्या आमच्या खोलीच्या दाराला एक लोखंडी कडी होती. सारी कडी वापरून वापरून काळी, गुळगुळीत झालेली. एका जागी मात्र अंगठ्याएवढा तांबूस, खरखरीत डाग. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी रेल्वेच्या रुळांवरून घरंगळत आलेलं ऊन गल्लीत शिरलं की तो डाग विझत्या निखाऱ्यासारखा धुमसताना दिसे. ती माझ्या वडिलांची, दादांची खूण. दादा लोखंडाला शिवले की दुसऱ्या दिवशी लोखंड तांबारून येई. म्हणून कशालाही हात लावण्याआधी तळवा मांडीवर पुसायचा, एकदा खालून वर, एकदा वरून खाली, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. भाकरीच्या आधी, आमच्या गालाला हात लावण्याआधी, आणि पुढे माझ्या पदवीच्या कागदाला हात लावण्याआधीसुद्धा. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

त्या कागदाच्या आधीची कितीतरी वर्षं अळणी होती, आणि नंतरचीही काही. हे उपमा म्हणून म्हणत नाही. आमच्या घरात खरोखरच मीठ नव्हतं.

दादा पिंपरीच्या एका कंपनीत तयार मालाच्या टेबलावर होते. मशीनवरून उतरलेले चकचकीत भाग पुसायचे, तपासायचे, कागदात गुंडाळायचे. सावलीतलं, पंख्याखालचं काम. त्याचा त्यांना केवढा अभिमान! पण गुंडाळलेला माल उघडला की त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे शेंदरासारखे उमटलेले असत. “भिवा, हात हाय का मिठागर रं?” फोरमन म्हणाला आणि सारं खातं हसलं. त्या हसण्याच्या तळाशी कुणी तरी हळूच पुटपुटलं, “शिवल्याचा गुण, राव. दुसरं काय?” गाव सोडून, धम्म स्वीकारून, भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या या नव्या जगात आलेल्या माणसाला ते जुनं वाक्य तेलाच्या वासात पुन्हा भेटलं. दादांना फोर्जिंगला धाडण्यात आलं. लाल तापलेल्या लोखंडाला कुणाच्या घामाचं सोयरसुतक नसतं.

तिथंच घसरून पडलेल्या एका जड साच्यानं त्यांची मांडी मोडली. इस्पितळात हाडावर पोलादाची पट्टी बसवली, स्क्रू आवळले. न गंजणारं पोलाद आहे, आता काळजी नको, असं सांगितलं. वर्ष सरता सरता मांडी सुजली, वाहू लागली. पुन्हा चिरून पट्टी काढली तेव्हा स्क्रूंच्या डोक्यांभोवती तपकिरी गाळ साचला होता आणि भोवतालचं मांस काळवंडलं होतं. तरुण डॉक्टर हात धुता धुता सहज बोलून गेला, “तुमच्या रक्तातच खार फार दिसतोय, बाबा.” तो विसरलाही असेल. आमच्या घरात ते वाक्य देव्हाऱ्यासारखं बसलं. आईनं आधी पिठातलं मीठ बंद केलं, मग आमटीतलं. पाय आखूड पडला, कंपनीनं घरी बसवलं, आई खडकीच्या बंगल्यांत भांडी घासायला जाऊ लागली. आणि तरी संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात तीच अळणी आमटी, कारण एकट्या दादांसाठी वेगळं शिजवलं तर त्यांना वाईट वाटेल. ते मुकाट जेवत. स्वतःच्या रक्ताबद्दल शरमिंदा झालेला माणूस कसा जेवतो, ते मी रोज पाहिलं आहे.

रसायनशास्त्राच्या वर्गात कळलं की माणूस तेवढा खाराच. राजाचं रक्त खारं, डॉक्टरचं खारं, फोरमनचंही. न गंजणाऱ्या पोलादावर दुधावरच्या सायीसारखा एक अदृश्य पापुद्रा असतो. ओरखडा पडला तर हवेच्या स्पर्शानं तो पुन्हा धरतो. पण जिथं स्क्रूच्या डोक्याखाली हवा पोचत नाही, तिथं दबलेली जखम भरून येत नाही. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पट्टी नव्हती, दादा होते.

ट्रंकेत जपलेली ती पट्टी आणि स्क्रू मी घरीच चुंबकापाशी नेले. पट्टी ढिम्म राहिली. स्क्रू टक्कन चिकटले.

“दोन जातींचं पोलाद, दादा,” मी म्हणाले. “पट्टी चांगली, स्क्रू हलके. खाऱ्या अंगात दोन्ही एकत्र आले की एक दुसऱ्याला खातं. डब्यात हाताला लागले ते स्क्रू बसवले त्यांनी.”

दादा चुंबकावर वाकले. “म्हंजी माझा दोष न्हवता?”

“नव्हता.”

त्यांनी तळवा उलटा-सुलटा न्याहाळला, सवयीनं मांडीवर पुसला आणि दाराकडे मान वळवली. “पुस्तकात असंल, पोरी. पन कडी बघ की.”

त्या एका वाक्यानं माझा जन्माचा धंदा ठरला. चिंचवडच्या ज्या छोट्या कारखान्यात मी नोकरी धरली तिथं हाडांच्या पट्ट्या बनत, आणि ज्या तारेच्या ब्रशानं फाटकांच्या बिजागऱ्या घासत त्याच ब्रशानं त्या पट्ट्याही चमकवत. चमक सुंदर यायची. पण तिच्या पोटात साध्या लोखंडाचा कीस रुतून बसायचा, पुढच्या गंजाचं बी. मी पट्ट्यांचे ब्रश वेगळे केले, मुठी निळ्या रंगवल्या, ते बिजागऱ्यांच्या बाकावर न्यायला मनाई केली, पट्टीला हात लावताना हातमोजे सक्तीचे केले. पॉलिशवाला मारुती मिशीत हसला. “बाई, तुमच्या लोकांनी गावातलं सोवळं मोडलं, आन् इथं ब्रशाचं सुरू केलं व्हय?”

खातं हसलं. तेच हसणं, फक्त कंपनी निराळी.

“हे लोखंडाचं सोवळं आहे, मारुतीभाऊ,” मी म्हणाले. “माणसाला लागू नाही. म्हणून तर हातमोजे सगळ्यांनी घालायचे. मालकांनीसुद्धा.”

मालकांनी घातले. त्या दिवशी मला जे सुख झालं त्याला मी उदात्त नाव देणार नाही. पुढं पट्टी आणि स्क्रू एकाच पोलादाचे झाले, घासल्यानंतर तेजाबाचं स्नान आलं, मग मिठाच्या कोमट पाण्यातला लांबलचक मुक्काम. कितीतरी पट्ट्या त्या पाण्यातून ठिपके घेऊन वर आल्या. एके दिवशी एक पट्टी जशी गेली तशीच, निर्विकार, वर आली.

ती मी दादांच्या हातात ठेवली. “पुसू नका हात,” म्हटलं. त्या साऱ्या उन्हाळ्यात दादा उंबऱ्याशी आखूड पाय पसरून, ती पट्टी मुठीत धरून बसत. तापलेले पत्रे, थिजलेला वारा, लोकल गेली की थरथरणारी भिंत आणि मुठीतून मनगटापर्यंत ओघळणारा तो बदनाम घाम. आई आल्यागेल्याला सांगे, “पोरीनं बापाच्या हातात परीक्षा दिलीया.” रोज संध्याकाळी दादा मूठ उघडत, पट्टी उन्हात धरत. डाग नव्हता. पावसाळा लागला, तरी नव्हता.

मला वाटलं होतं, आता ते हसतील. ते म्हणाले, “पट्टी झ्याक केलीस, सुमे. हात मातुर त्योच हाय.” आणि पट्टी मला परत देण्याआधी त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसली.

त्या पावसाळ्याच्या शेवटी दादा गेले. आईनं त्या दिवसानंतर आमटीत मीठ घातलं. आम्हा कुणालाच ते गिळवेना.

पुढं खोली पाडून पक्की बांधली तेव्हा धाकट्या भावानं जुनी कडी भंगारात दिली. त्याचं काही चुकलं नाही. गंजलेली कडी कोण ठेवतं? माझ्यापाशी ती पट्टी आहे. कधी तरी ती खिडकीशी नेते, तिरपी धरते, एका अख्ख्या उन्हाळ्याचा त्यांचा घाम हिच्यावर कुठं तरी असेल म्हणून शोधते. ती आरशासारखी कोरी आहे. त्यात मीच दिसते.

आमच्या कारखान्याची पट्टी आता माणसाच्या अंगात गंजत नाही. हे मी केलं. पण काळाला शिवू न देणारं ते पोलाद गेलेल्या माणसालाही शिवू देत नाही, आणि ज्या एका लोखंडानं माझ्या बापाला लक्षात ठेवलं होतं ते केव्हाच वितळून दुसऱ्याच कुणाच्या दाराची कडी झालं असेल.