पहिला दिवा गंगीचा

"झाकण काढून शिकवा, बाई. मुलांचे हात आत गेले पाहिजेत."

तुळशीला पाणी घालताना लीलाबाईंना हे शब्द रोज आठवत. पुण्याच्या शिक्षकांसाठीच्या उन्हाळी वर्गातल्या वृद्ध प्राध्यापकांचे ते शब्द. श्रावणात प्राध्यापक गेले आणि मागे उरली त्यांनी बांधून दिलेली फळी.

लीलाबाई तिकोणा पेठेच्या शाळेत विज्ञान शिकवीत. त्या काळी गणकयंत्र म्हणजे खोलीभर कपाटं! मावळातल्या मुलांना ते कुठून दिसणार? म्हणून प्राध्यापकांनी फळीवर टेलिफोन कचेरीतले, विजेनं टोकं जोडणारे-तोडणारे जुने रिले, टॉर्चचे सेल आणि इवलेसे दिवे बसवले होते. एका बाजूला आकडा सांगायच्या कळा, मध्ये आकडा ध्यानात ठेवणारे रिले, पुढे बेरीज करणारे, शेवटी उत्तराचे दिवे. मोठ्या यंत्राचा संसारही असाच चालतो, बाई सांगत. दिवा लागला तर एक, विझला तर शून्य.

वरच्या ठाकरवाडीतल्या शिदूची गंगी त्या फळीची वेडी झाली होती. एकदा तिनं एक तार उलटी फिरवून रिलेलाच परत जोडली आणि ओरडली, "बाई, कळ सोडली तरी ह्यो इसरत न्हाई! सोताच सोताला धरून बसलाय!"

यंत्राला आठवण कशी राहते, ते पोरीनं हातानं शोधलं होतं. बाईंचे डोळे भरून आले.

पण मुख्याध्यापक अंबाजी सर घाबरले. "मोडली तर दुसरी कोण देणार?" फळी काचेच्या कपाटात गेली, किल्ली सरांच्या खिशात. खंडेनवमीला मात्र त्यांनी ती स्वतः बाहेर काढली, झाकण उघडून मनोभावे पूजा केली आणि पुन्हा कुलूप लावलं.

दिवाळीनंतर जिल्ह्याहून शाळा बघायला पाहुणे आले. बाईंनी कळ दाबली. दिवा लागला नाही. बाहेरचे सेल बदलले, तरी नाही!

सर खजील झाले आणि पाहुण्यांसमोर बोलून गेले, "त्या ठाकराच्या पोरीनं आत हात घातले होते. आणखी काय व्हायचं?"

"कंदमुळं खणायचे हात ते!" मागून कुणीतरी हसलं.

दारात उभ्या गंगीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

"एकदा उघडून बघू द्या," बाईंनी विनवलं.

"आता कुणी हात लावायचा नाही," सर म्हणाले.

रविवारी बाई वाडीवर गेल्या. शिदू अंगणात उकिडवा बसला होता. "बाई, तुमी चांगल्या हाय. पन पोर वस्तू मोडती असं समद्यांनी ठरीवलं. उद्या कुनाचं ताट हरवलं तरी हिचंच नाव. हिचा मामा उद्या दुपारी येतोय, लगनाची बोलनी हाय."

"अजून लहान आहे रे ती!"

"शाळंत असती तर थांबलो असतो. आता कशापायी थांबू?"

गंगी कुडाआडून म्हणाली, "बाई, म्या न्हाई मोडली. तिचा दिवा पुन्यांदा लागंल का?"

"लागेल. आणि पहिला दिवा तुझ्याच हातानं लागेल."

बाई बोलून तर गेल्या. उतरताना एकेक अडचण समोर आली. किल्ली हातात नाही, दोष कुठे ते ठाऊक नाही, विचारावं तर प्राध्यापक नाहीत. देवा, मी हे काय कबूल केलं!

सोमवारचा उपास. पाण्याचा घोटही न घेता त्या सकाळीच सरांच्या घरी गेल्या. सरांच्या आई धोंडाबाई देव चिंचेनं घासत होत्या.

"बस गं लीला. तोंड का उतरलंय?"

बाईंनी सगळं सांगितलं. सर ओसरीवरून म्हणाले, "आई, वस्तू जपायला नको? मी तर तिची पूजा करतो!"

"व्हय? कशी केलीस?"

"हळद, कुंकू, अक्षता, वर पाणी शिंपडलं."

धोंडाबाईंचा हात थांबला. "आन् मग पुसलंस कधी?"

"पुसायचं राहिलं, आई."

"आरं, कालचं निर्माल्य काढल्याबिगर मी आजचं फूल वाहत न्हाई. देव उजळल्याबिगर गंध लावत न्हाई. तू कुंकू फासलंस आन् कुलूप घातलंस! ही कसली रं भक्ती? भ्यालास तू, आन् नाव पोरीचं घेतलंस!"

सरांनी खिशातून किल्ली काढली. शाळेत जाऊन झाकण उघडलं. रिलेच्या ज्या दोन टोकांनी एकमेकांना भिडायचं, त्यांच्यामध्ये हळदकुंकवाची वाळलेली खपली!

"हे तर मीच लावलं!" सर म्हणाले. "पोरीचे हात वाईट नव्हते हो, बाई!"

बाईंनी मऊ फडक्यानं एकेक टोक पुसलं. सर कळ दाबायला पुढे झाले. बाईंनी हलकेच त्यांचा हात धरला.

"नको, सर. मी शब्द दिलाय."

"आणि नाही लागला तर?"

"तर तिच्यासमोर पुन्हा उघडू. तिच्याच हातानं."

बंधुभगिनींनो, साधनाला हळदकुंकू वाहून कुलूप लावणं म्हणजे विद्येची पूजा नव्हे. ते उघडावं, पुसावं, समजून घ्यावं. आणि ज्या हातांना आपण दूर ठेवलं, त्यांच्या हाती द्यावं. चूक आपली असेल तर ज्याच्यावर ढकलली त्याच्या दारी जाऊन सांगावी.

सरांनी पायांत वहाणा घातल्या. "शिदूला मी सांगतो. माझ्या तोंडानं."

ऊन चढत होतं. मामा वाडीवर पोचलाही असेल. बाईंनी फळी पदराखाली घेतली, झाकण कपाटातच राहू दिलं आणि वाडीची चढण धरली.